माझ्या मापाचा ग्लोव्ह

ग्लोव्ह गरम पाण्यात होता आणि नेमके तेव्हाच भावोजी आले. इसाओ भावोजी, माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ आणि आमच्या मिवा गावच्या बेसबॉल मंडळाचे अध्यक्ष. टबातलं तपकिरी चामडं दिसताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी! दादाचा ग्लोव्ह ना हा?"

"होता," मी म्हटलं, आणि तो पुन्हा दाबून बुडवला.

आमच्या गावात बायका घरोघरी ग्लोव्हच्या वाद्या ओवतात. मीही कारखान्याचं काम घरी आणून जन्मभर तेच केलं. माझ्या नवऱ्याचा, तोकुजींचा, ग्लोव्हही मीच ओवला होता. पण तो त्यांच्या हातात गेल्यापासून मला शिवायची बंदी. "बाईचा हात गेला की आकार बिघडतो," म्हणायचे. ओवताना आत कुणाचा हात होता, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

हिवाळ्यात ते गेले. ज्या मंडळाने त्यांना शेवटी शेवटी बाकावर बसवून ठेवलं, त्यालाच आता त्यांचा ग्लोव्ह काचेच्या कपाटात हवा होता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! आणि मला रविवारी गावातल्या बायकांच्या सॉफ्टबॉल संघातून पहिला सामना खेळायचा होता.

"नवा आणून देतो की मी," भावोजी म्हणाले. "पण हा बाहेर काढा. आत दादाच्या बोटांचे खड्डे आहेत. त्याचा हात आहे तो!"

हे मात्र लागलं, कारण ते खरं होतं. त्यांच्या अस्थी उचलून घरी आले त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यात हात घातला. त्यांच्या बोटांच्या जागा माझ्या बोटांना सापडल्या आणि मी ढसाढसा रडले. पण माझा हात आत नुसता डुगडुगत होता. चेंडू आला असता तर ग्लोव्हच उडून गेला असता.

"त्यांचा हात आठवायला मला कपाट लागत नाही, भावोजी."

"लोक काय म्हणतील?"

"सांगा, फुसाए म्हातारपणी बिघडली."

"रविवारी सकाळी पेटी घेऊन येतो. असेल तसा नेणार," म्हणत ते पाय आपटत गेले.

मी ग्लोव्ह पिळला, टिपला, ओला असतानाच हात घालून मोगरीने ठोकत बसले. गरम आहे तोवरच चामडं ऐकतं. एकेक वादी ओढून आवळली. मग पोटात चेंडू ठेवून जुन्या कमरपट्ट्याने बांधला आणि सावलीत ठेवला. उन्हात चामडं तडकतं. सुकल्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि हात घालून बघितला. तोकुजींच्या बोटांच्या जागा गेल्या होत्या. फार वाईट वाटलं. पण केलं ते चुकलं असं काही वाटलं नाही.

रविवारी भावोजींनी आल्या आल्या ग्लोव्ह उचलून हात घातला. तो पेरांशीच अडकला. जोर लावून बघितला, तरी जाईना.

"वाट लावलीत याची!"

"बाईचा हात गेला की आकार बिघडतो," मी म्हटलं. "तुमचे दादाच सांगायचे."

ग्लोव्ह काढून घेतला, चेंडू त्यांच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. "टाका."

त्यांनी लहान मुलाला टाकावा तसा टाकला. मी तो मुद्दाम खाली पडू दिला.

"दादांना असाच टाकायचात?"

भावोजींचं डोकं फिरलं. चेंडू उचलून त्यांनी असा सणसणीत फेकला की कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण चेंडू ग्लोव्हमध्येच होता.

भावोजींनी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. "आता कपाटात काय ठेवू, वहिनी?"

"मी मेले की हाच ठेवा. पण खाली नाव माझं लिहा," मी म्हटलं, आणि चेंडू त्यांच्याकडे परत फेकला.