भिंतीतली कुजबुज

सगळे नळ बंद, तरी पाण्याचं मीटर फिरतच होतं. सुनेने घर पालथं घातलं, पण गळती सापडेना. शेवटी शेजारणीने गल्लीतला प्लंबर पाठवला. सळईचं एक टोक भिंतीला आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवून तो खोलीखोलीत ऐकू लागला. सासूबाईंना दारावरची बेलही ऐकू येत नसे, पण त्या त्याच्या मागोमाग फिरत होत्या.

"मला बघू द्या की," त्या न राहवून म्हणाल्या.

आवाज कानाच्या पडद्याऐवजी हाडातून थेट आत जातो, हे ठाऊक असल्याने त्याने सळई त्यांच्या कानामागच्या हाडाला टेकवली. कपाटामागच्या भिंतीपाशी त्या थबकल्या.

"इथं कुणीतरी कुजबुजतंय."

प्लंबरने खात्री करून तिथेच भिंत फोडली. पाइपच्या सांध्यातून पाणी फवारत होतं.

काम उरकून तो निघाला, पण सासूबाई सळई सोडेनात. "थांबा जरा," त्या म्हणाल्या, "फ्रिज काय म्हणतो, तेही ऐकते."