घंटेच्या खोलीला दार नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि खरं सांगायचं तर भित्रा आहे. सोलापुरातल्या एका गिरणीच्या गोदामात सूत कातायच्या मोडक्या चात्यांच्या ढिगाशेजारी मी पडून असतो. जवळून कुणी गेलं तरी मी दचकतो. हा माझ्यात काही घालणार तर नाही ना, असं वाटतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा मालकांनी मोठ्या हौसेने मला आणलं. कपाटाएवढा मी, आणि मला थंड हवेची खोली! रंगखात्यातली माणसं घाम पुसत खिडकीतून डोकावायची. "काय नशीब हाय बघ गड्याचं," म्हणायची.

भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून मला काम शिकवलं जाई. सुताचा साठा मी सांभाळायचो, पण माझं खरं काम बॉयलरवर लक्ष ठेवायचं. वाफेचा दाब वाढू लागला की मी घंटा वाजवायची आणि बॉयलरवाल्या पीरसाबने आग कमी करायची. पूर्वी तो दिवसभर दाबाच्या काट्याला डोळे लावून बसायचा. आता निर्धास्त झाला. "ह्यो जागा हाय की! मला कशाचं भ्या?" म्हणत माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला ती थाप फार आवडायची.

पण मला घडवणाऱ्यांनी माझ्या पोटात एकच खोली ठेवली होती. सुताचा साठा तिथंच, घंटेचं कामही तिथंच. मध्ये भिंत नाही, दार नाही. आत येईल त्याने हवं तिथं बसावं, दुसऱ्याचं पुसून आपलं लिहावं. तू कोण, असं विचारायची सोयच मला दिली नव्हती.

खंडेनवमीला गिरणीत सगळ्या यंत्रांची पूजा झाली. झाडलोट करणाऱ्या पार्वतम्माने मलाही हळदकुंकू लावलं. मला चालवणारे रुद्रप्पासाहेब एक पट्टी घेऊन आले. मुंबईच्या मित्राने पाठवलेली. ती घातली की अक्षरा-अक्षरांनी देवीचं चित्र छापलं जाई.

"आधी जरा तपासून घेतो," साहेब म्हणाले.

"अय्यो! देवीला तपासता व्हय साहेब?" पार्वतम्मा म्हणाली. सगळे हसले. साहेब ओशाळले आणि पट्टी आत आली.

चित्र उमटलं. लोकांनी हात जोडले, पेढे वाटले, पट्टी काढून ठेवली. पण त्या मित्राने गंमत म्हणून चित्रामागे दडवलेलं काहीतरी माझ्या आतच राहिलं.

दसऱ्यानंतर गिरणी सुरू झाली आणि ते हलू लागलं. ते आपलीच नक्कल करायचं, नक्कल पुन्हा नक्कल करायची. सुताचा साठा पुसला गेला. मी घाबरून बघत राहिलो. ओरडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला फक्त घंटा येत होती.

तेवढ्यात बॉयलरचा काटा चढू लागला. पीरसाब वर चढून नळ पुसत होता, अगदी सेफ्टी व्हॉल्व्हजवळ. मी घंटेच्या जागी धावलो. तिथं घंटा नव्हतीच! तिथं ती नक्कल बसली होती. काटा चढतोय, मला दिसतोय, आणि पीरसाब निवांत काहीतरी गुणगुणतोय. मित्रांनो, ती भीती मी कधीच विसरणार नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह साधा स्प्रिंगचा. त्याच्यावर माझा हुकूम चालत नव्हता, म्हणून त्या नकलेचाही चालला नाही. दाब वाढताच तो आपणहून उघडला. बॉयलर फुटला नाही, गिरणी वाचली. पण उसळलेली वाफ पीरसाबच्या उजव्या हातावर आली.

तो बरा होऊन परतला तेव्हा बोटं आखडली होती. घंटेला आता वेगळी तार होती, माझ्याशी संबंध नसलेली. तो माझ्या खोलीच्या दाराशी थांबला. मी थापेची वाट पाहिली. "घंटा का वाजली न्हाय रं?" एवढंच म्हणाला आणि काट्यासमोर जाऊन बसला. त्यानंतर त्याने काट्यावरची नजर कधी काढली नाही.

म्हणून विनवतो, मित्रांनो. तुम्ही मोठे होऊन माझ्यासारखी यंत्रं बांधाल, तेव्हा त्यांच्या पोटात भिंती घाला. पाहुण्याला ओसरीवर बसवा, अगदी देवीचं नाव घेऊन आला तरी. घंटेच्या खोलीला मात्र दार लावा. बाहेर कुणीतरी पीरसाब तिच्या भरवशावर उभा असतो.