बर्फात गोठलेलं अंडं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. थंडबाबांनी बर्फाच्या भांड्यातून दोन सीलबंद पिशव्या काढल्या. एकीत अंड्याचा पांढरा भाग, पाण्यासारखा पातळ. दुसरीत तोच, पण घट्ट गोळा झालेला.

"ना चूल, ना विस्तव! नुसती आमची नजर!" बाबा गरजले. "सुई टोचून घ्याल तर रक्त अस्सं गोठेल!"

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी माझी ताई बसली होती. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला मधुमेह. बाबांच्या धाकानं ताईनं कालपासून तिचं इन्सुलिन बंद केलं होतं. पोर घरी मोठमोठे श्वास घेत पडली होती आणि दवाखान्याचं नाव काढलं की ताई दार अडवायची.

घट्ट पिशवी हातोहात फिरत माझ्याकडे आली. कोपऱ्यात सोमवारची तारीख होती, माझ्याच अक्षरात!

मी फळांच्या रसाच्या कारखान्यात दाबयंत्र चालवतो; ते रसाच्या बंद बाटल्यांना थंड पाण्यात प्रचंड दाब देऊन जंतू मारतं. दर सोमवारी अंड्याची पिशवी आत टाकून आम्ही दाब पुरेसा चढला का ते बघतो; अंडं घट्ट झालं म्हणजे चढला. मग ती फेकून देतो. कुणीतरी ती उचलून बाबांना पोचवली होती, तारीख न पुसता.

मी उठलो. "बाबा, ही मी गोठवलीय. तुम्ही ती दुसरी गोठवा. आत्ता, आमच्यासमोर!"

"पाखंडी! तुझं रक्त..."

"माझं नंतर बघू. आधी अंडं!"

बाबांनी डोळे वटारले, मंत्र पुटपुटले. अंडं पातळच राहिलं. मग म्हणे सभेत पापी नजर आहे!

ताईनं माझी बाही धरली. "मग ते गोठलं कसं रे?"

"अंड्यातल्या प्रथिनांचे रेणू घड्या घातलेल्या दोऱ्यांसारखे असतात. उकळलं की घड्या सुटतात. थंड पाण्यात हवेच्या सहा हजार पट दाब दिला तरी सुटतात. सुटलेले दोरे एकमेकांत अडकले की घट्ट गोळा होतो."

"आणि सुईनं?"

"सुईत कुठला एवढा दाब, ताई! पण सुई नसेल तर पोर जाईल."

ताई रडत धावत सुटली. आम्ही मुलीला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." म्हणत डॉक्टरीणबाईंनी सलाइन आणि इन्सुलिन सुरू केलं.

पोर वाचली. भीती मलाही वाटते, तुम्हालाही वाटेल. पण कुणाच्या धाकानं लेकराचं औषध थांबवण्याआधी धाक घालणाऱ्याला एवढं तरी म्हणा: पुन्हा कर, माझ्या डोळ्यांसमोर.