एकटीनं ऐकायचं होतं

"नको, नको. हे काढ," म्हणत सखीनं दोन्ही कानांतली हेडफोनची रबरी बोंडं ओढून काढली आणि काउंटरवर टाकली.

दुकानातला मुकेश दचकला. "काय झालं मावशी? दुखलं का?"

"खडीचं मशीन आयकू येतं."

बाहेर जव्हारचा बाजार भरला होता. जीपवाले सीटं भरायला ओरडत होते, समोर भांडी आपटत होती. बोंडं कानात बसताच ते सगळं बंद झालं, आणि त्या शांततेत सखीच्या डोक्यातली करकर एकदम वर आली. लग्न झाल्यापासून ती आणि तिचा नवरा ढवळू भिवंडीकडच्या खडीच्या मशीनवर कामाला जात. पावसाळा गावी, बाकीचं वर्ष मशीनखाली. ढवळू छातीत धूळ भरून मेला. सखी वाचली, पण मशीन तिच्या कानांतून गेलं नाही. आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, कानाची नस मेली आहे, परत यायची नाही.

मुकेश जरा मोठ्यानं, तिच्याकडे तोंड करून बोलला, "मावशी, हा हेडफोन आहे. ऐकायचं मशीन नाही. आवाज मोठा करील, पण कान नाही देणार."

"मना म्हाईत हाय," सखी म्हणाली. "पोरीशी बोलायचंय. दुसरा दाव."

पोरगी म्हणजे दिपिका. ठाण्याला एका घरी अंथरुणावरच्या म्हातारीची देखभाल करायला राहिलेली. रविवारी दुपारी त्या घरची बाई तिला फोनसाठी थोडा वेळ मोकळं सोडायची. आजवर तो फोन शेजारची जयवंती ऐकायची आणि सखीच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, "काकी, ती इचारते जेवलीस का? ती म्हणते कोंबडी इकू नको." मायलेकींचं सगळं बोलणं असं जयवंतीच्या तोंडातून जायचं. गेल्या रविवारी मात्र दिपिका म्हणाली होती, "आयेला हेडफोन घेऊन दे. मना तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

एकटीशी. तेव्हापासून सखीला घास गोड लागला नव्हता.

मुकेशनं दुसरा जोड काढला. पातळ स्पंजाच्या चकत्या, हलका. गाणं लावलं. ढोल असा स्वच्छ वाजला की सखीचं तोंड उजळलं. पण तेवढ्यात दुकानापुढून ट्रक गेला आणि ढोल त्यात बुडाला.

"यात आवाज चांगला, पण बाहेरचं आत येतं," मुकेश म्हणाला. "पहिल्यात बाहेरचं बंद होतं, पण मग तुमचं ते मशीन. हा मधला बघा." त्यानं जाड गादीचा, कान अख्खा झाकणारा हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला, अंबाड्यापाशी अडकला तो नीट केला. ट्रक दूर गेल्यासारखा झाला. करकरही थोडी दबली.

"गाना नको. बोलनं लाव."

त्यानं बातम्या लावल्या. कुणी भारदस्त आवाजाचा माणूस हवामान सांगत होता. सखी डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिचे ओठ हलले, "पालघर… पाऊस… जोराचा…" तिनं डोळे उघडले. "आयकू येतं! समदं आयकू येतं रे!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बाजूच्या दुकानातली माणसं बघायला लागली. मुकेश हसला. बाईमाणसाचा बारीक आवाज लावून बघावा, हे त्याला सुचलं नाही. सखीलाही नाही.

रविवारी गावी, दाभोशाच्या शाळेमागच्या टेकाडावर, जिथं रेंज यायची, तिथं सखी एकटी जाऊन बसली. जयवंती मागोमाग निघाली होती, तिला सखीनं खालूनच परतवलं. फोन थरथरला. सखीनं हिरवं बटण दाबलं.

"दिपे!"

कानात आवाज आला. दिपिकाचाच, यात शंका नव्हती. पण शब्द नव्हते. पोरगी हळू बोलत होती, बहुतेक मोरीत उभी राहून, आणि त्या बारीक आवाजाच्या सगळ्या कडा झिजून गेल्या होत्या. नुसती हवा वरखाली होत होती.

"मोठ्यानं बोल बाय!"

आवाज उलट आणखी बारीक झाला. सखीनं दोन्ही हातांनी गाद्या कानांवर दाबल्या. करकर वाढली. तिनं हात सैल सोडले, तर वाऱ्यानं पानं सळसळली. मधेच एक शब्द हाती लागल्यासारखा झाला, 'आये', आणि पुन्हा सगळं निसटलं. पोरगी रडत होती का हसत होती, तेही कळेना.

मग आवाज वर चढला आणि थांबला. तिनं काहीतरी विचारलं होतं. ती वाट बघत होती.

कळलं नाही म्हणावं, जयवंतीला हाक मारावी, असं सखीच्या मनात आलं. पण पोरीला ती एकटीच हवी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हवी होती.

"हो," सखी म्हणाली. "हो बाय. तुना वाटेल तसा कर."

मग दोन-तीन शब्द भरभर आले आणि फोन बंद झाला.

सखी टेकाडावरून जवळजवळ धावतच जयवंतीच्या दारात आली. "लाव गं परत. मना काय समजला नाय."

जयवंतीनं लावला. बंद. संध्याकाळी लावला, सोमवारी लावला. पुढच्या रविवारी दोघी टेकाडावर बसून राहिल्या. फोन आलाच नाही.

मग जयवंती तिला घेऊन ठाण्याला गेली. घर चौथ्या मजल्यावर होतं. बाईंनी दार अर्धंच उघडलं. सखी त्यांच्या ओठांकडे बघत उभी राहिली.

"दिपिका? ती गेल्या आठवड्यात सोमवारीच गेली," बाई जयवंतीला म्हणाल्या. "खाली रिक्षात एक मुलगा होता. सुरतेला जातोय म्हणाली. त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही. मी अडवलं हो तिला. म्हटलं, आधी आईला विचार. तर म्हणाली, विचारलंय. आई हो म्हणाली." बाईंनी सखीकडे पाहिलं. "तुम्हीच परवानगी दिलीत ना?"

जयवंतीनं हाताचा आडोसा करून ते सगळं सखीच्या कानात सांगितलं. सुरत. मुलगा. आई हो म्हणाली. सखीनं पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला.

"हो," ती बाईंना म्हणाली. "मीच दिली."

बाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. सखीनं तो उभ्यानंच, वरून धार धरून, संपवला. थोडं पाणी फरशीवर सांडलं. ती वाकली, पदरानं फरशी कोरडी केली, तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि जिना उतरायला लागली.