न विसळलेली चक्की

तिने चिमट्याने चुंबक भट्टीतून काढला, निवू दिला आणि मोजणीच्या यंत्रात ठेवला. पडद्यावर आकडा उमटला. तिने डोळे चोळले, पुन्हा मोजलं. तोच आकडा!

मोटारीच्या उष्णतेत चुंबकाने मान टाकू नये म्हणून त्यात एक दुर्मिळ धातू घालावा लागतो, आणि तो धातू म्हणजे खिशाला भोकच. त्याच्यावाचून चुंबक टिकवायचा, या एका ध्यासापायी तिने उमेदीची वर्षं या भट्टीपुढे घालवली होती. आज संध्याकाळी समिती प्रकल्पाला टाळं ठोकणार होती. आणि नेमका आज हा पठ्ठ्या तापूनही ताठ उभा!

फोन उचलता उचलता तिची नजर चक्कीशेजारच्या साध्या पुडीच्या पिशवीवर गेली. पिशवीचं तोंड बंदच होतं. तिने फोन परत ठेवला.

तुलनेच्या चुंबकासाठी महाग धातूची पूड दळली की साध्या पुडीने चक्की विसळायची, ती पूड फेकायची आणि मगच नवा घाणा लावायचा, ही त्यांची रीत. काल आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्या घाईत तिने नवा घाणा थेट लावला होता. म्हणजे चक्कीतली महाग पूड आत गेली, आणि हे यश उसनं होतं.

"कपाळ माझं," ती पुटपुटली. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? पण खोटं निभावायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तेवढ्यात प्रकल्पाचे प्रमुख, सर, धापा टाकत आत आले.

"अगं, माझ्या संगणकावर आकडा पाहिला मी! समितीला कळवू ना?"

"नका कळवू, सर. चक्की विसळलीच नव्हती मी. जुनी पूड मिसळलीय."

सर मटकन स्टुलावर बसले.

"इतकी कशी गं वेंधळी तू? तेही आजच्या दिवशी?"

"रागवा हवं तर. मी दमलेय, सर. खरंच दमलेय."

ती अंगातला कोट काढू लागली. सरांनी उठून चक्कीचं झाकण उघडलं आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिले.

"उरून उरून किती उरते गं हिच्यात?"

"कडांना चिकटलेली तेवढीच. चमचाभर."

"आणि एरवी बाजारातल्या चुंबकाला, एवढ्याच घाण्यात, किती घालतात?"

"वाटीभर तरी..." म्हणता म्हणता ती थांबली. कोटाची एक बाही अंगातच राहिली.