भाच्याच्या पायांचे पाणी

मित्रांनो, मुर्रीजवळच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर जो काळा पडलेला पितळी गडवा दिसतो, तो मी. गडवा म्हणजे तुमचा तांब्या. भंडाऱ्याच्या कारागिराने मला ठोकून घडवले आणि जमुनाबाईंच्या आंदणात मी केशोरावांच्या घरी आलो. चिंच आणि राख लावून त्या मला रोज घासत. पाहुणे म्हणत, सोन्याचाच वाटतो. मी फुगून जायचो.

मानाचे काम मात्र एकच. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा दारी आला की त्याला पाटावर उभे करायचे आणि माझ्यातल्या पाण्याने त्याचे पाय धुवायचे. पाय धुतल्यावर भाचा जे मागेल, त्याला आमच्या घरात नाही म्हणत नाहीत. आजवर भाच्यांनी धोतर मागितले, फार तर एखादा गोऱ्हा.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव झाले. केशोरावांची सून गुंजन हिने अर्ज भरला. दोन वर्षे ती टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, फिरत होती. तिथे अजून नळ पोचलेला नाही. टोलीवरच्या बाया ओसरीवर येत. ती मला भरून त्यांना पाणी देई आणि नळ हव्या असलेल्या घरांची नावे वहीत लिही. मला वाटले, आता हिचे दिवस आले.

केशोरावांचा भाचा ओमेश याने आपल्या बायकोचा, रुचीचा, अर्ज भरला होता. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळीच तो आला आणि स्वतःच पाट ओढून त्यावर उभा राहिला.

केशोरावांनी आत पाहून म्हटले, "गुंजन, गडवा भरून आन."

तिनेच मला भरले. केशोरावांनी पाणी ओतले, पाय पुसले, डोके टेकवले.

"मामाजी, गुंजनवयनीचा फारम वापस घ्या," ओमेश म्हणाला. "आपसात कायले लढाचं?"

"फारम मी भरला होता, बाबूजी," गुंजन सासऱ्यांना म्हणाली.

"मालूम आहे. पन भाच्याले नाई कसं म्हनू?"

"मले तं पुसा."

केशोराव मोटारसायकलची किल्ली शोधू लागले. दुपारी तीनच्या मुदतीआत तिने तहसिलीत अर्ज मागे घेतल्याची सही केली.

रुची अविरोध निवडून आली. सह्या ती करते, बोलतो ओमेश. गाव म्हणाले, नाते असावे तर असे. मला वाईट वाटायला हवे होते. काहीच वाटले नाही.

जमुनाबाईंनंतर गुंजनच मला घासायची. तिने आता ते सोडले. परवा केशोराव म्हणाले, "गडवा काळा पडून राहिला."

"पडू द्या," ती म्हणाली. "पाय धुवाले चालते."

मित्रांनो, घरातली जुनी भांडी मोडीत घालू नका. चिंच नसली तर नुसती राखही पुरते. आणि मानाचे पाणी ओतण्याआधी, ते भरून आणणारीला एकदा विचारा. टोलीवरच्या बाया अजून ओसरीवर येतात. गुंजन त्यांना स्टीलच्या गिलासात पाणी देते. वही आणत नाही.