बाह्या लांब

दवाखान्यातून फोन आला तेव्हा शिंपी कोटाचं काज करत होता. बायको गेली, असं पलीकडून सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. काज पुरं केलं, दोरा तोडला आणि मगच उठला.

दोन महिन्यांनी तो तिच्या नेहमीच्या बसने दोऱ्याची रिळं आणायला निघाला. पुढच्या बाकावर एक मुलगी खिडकीला चिकटून बसली होती. शेजारचा माणूस सरकत सरकत तिचं नाव विचारत होता, कुठे उतरणार ते विचारत होता. बाकीचे बाहेर बघत होते.

अशा वेळी काय करायचं, ते बायकोने जेवताना कितीदा तरी सांगितलं होतं.

"त्याच्याकडे बघायचंच नाही. पोरीशी बोलायचं, आपलीच असल्यासारखं."

"आणि ती म्हणाली, तुम्ही कोण, तर?"

"तुमच्यासारखं तोंड करून बोललं, तर म्हणेलच की!"

शिंपी उठला. दांडा धरत तिच्या बाकापाशी गेला.

"अगं, तू होय!" आवाज जरा मोठाच निघाला. "तुझा ड्रेस कधीचा शिवून पडलाय. नेणार कधी?"

मुलीने वर पाहिलं. क्षणभरच.

"येणारच होते, काका. बाह्या लांब ठेवल्यात ना?"

"सांगितल्या तेवढ्या."

"अहो, उठा जरा," ती शेजारच्याला म्हणाली. "काकांना बसू दे."

तो पुटपुटत उठला आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेला. शिंपी तिच्या शेजारी बसला.

"तुम्ही मावशींचे यजमान ना?" मुलगी हसली. "त्यांनीही मला असंच सोडवलं होतं. शब्द न् शब्द हाच! मग म्हणाल्या, खोटं कशाला बोलू? पर्समधून टेप काढून इथेच माप घेतलं. दुकानही सांगितलं. हल्ली दिसत नाहीत त्या?"

शिंप्याने खिशातला रुमाल काढला, परत ठेवला.

"शनिवारी येते म्हणावं त्यांना," उतरताना ती म्हणाली.

"सांगतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने मापांची वही उघडली. शेवटच्या पानावर बायकोच्या अक्षरात आकडे होते आणि वर लिहिलं होतं: बसमधली भाची. बाह्या लांब. कपाटात निळं कापड घडी घालून ठेवलेलं होतं.

ते अजून कापलेलं नाही. शनिवारी पोरीला काय सांगायचं, तेही ठरलेलं नाही.